तीन कोटेशने आणि फेऱ्यांची वही

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात राहतो. अकरा एकर जमीन आहे. त्यात चार एकर मोसंबी, अडीच एकर टोमॅटो आणि मिरची, बाकी कापूस व तूर. पाच दुभती जनावरे आहेत. शेतातल्या आखाड्यापासून डांबरीपर्यंत दीड किलोमीटर शिवरस्ता असून तो काळ्या मातीचा आहे. धाकट्या भावाचे ठिबक संच आणि पाईपचे दुकान असून त्याची जीएसटी नोंदणी आहे. आजवर मालवाहतूक भाड्याच्या गाडीने केली. परंतु हंगामात गाडी वेळेवर मिळत नाही आणि या वर्षी दोनदा तोडलेला टोमॅटो बांधावरच नासला. म्हणून पिकअप घ्यायचे ठरवले आहे. महिंद्राची बोलेरो मॅक्स एचडी २.०, टाटाची योद्धा २.० आणि अशोक लेलँडची बडा दोस्त आय४ अशा तीन गाड्यांची कोटेशने आणली आहेत. शोरूममध्ये सर्वांनी एकच सांगितले की जास्त वजनाची गाडी घेतली म्हणजे पुढे कधी कमी पडत नाही. वडिलांचे मत मात्र वेगळे आहे. घरात सहा माणसे आहेत आणि आईला दर महिन्याला छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात न्यावे लागते, त्यामुळे बोलेरो निओसारखी कार घ्यावी असे ते म्हणतात. भाऊ सुचवतो की डबल केबिनची पिकअप घेतली तर दोन्ही कामे भागतील. आमचा अंदाज अकरा लाखांचा असून त्यातले चार लाख रोख आहेत. मागच्या वर्षी भाड्यापोटी जे पैसे दिले त्याची वही आमच्याकडे आहे. तिची नक्कल सोबत जोडली आहे. योग्य तो सल्ला द्यावा.

एक वाचक, अंबड तालुका

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुम्ही कोटेशनांसोबत भाड्याच्या वहीची नक्कल पाठवलीत याबद्दल मी तुमचा मनापासून आभारी आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या वहीतच आहे. गाडी घेणारा माणूस बहुधा तीन माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवतो आणि ज्या रकान्यात मोठा आकडा दिसेल तिकडे झुकतो. पण माहितीपत्रकातला आकडा गाडीची क्षमता सांगतो, तुमची गरज सांगत नाही. म्हणून आधी वही वाचू आणि मग गाड्यांकडे येऊ.

वहीप्रमाणे वर्षभरात एकूण १३२ फेऱ्या झाल्या. त्यांपैकी ५८ माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या असून प्रत्येक फेरीला ६०० ते ९०० किलो माल होता. दुकानाच्या ४९ फेऱ्यांमध्ये पाईप, लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) बंडले आणि फिटिंगचे सामान होते. खत व पेंडीच्या ९, कापसाच्या ७ आणि किरकोळ ९ फेऱ्या. वर्षातली सर्वांत जड फेरी डीएपी खताच्या २६ गोण्यांची होती, म्हणजे १,३०० किलोंची. मोसंबीची मात्र एकही फेरी वहीत नाही, कारण तुम्ही बाग उभी विकता आणि व्यापारी तोडणीला स्वतःचा ट्रक घेऊन येतो. पत्रात मोसंबी पहिल्या क्रमांकावर आहे आणि दोन टनांच्या गाडीचा विचारही बहुधा तिच्यामुळेच आला असावा. पण ज्या मालाला तुमची गाडी हातही लावणार नाही, त्याच्या वजनाचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

राहिलेला माल पाहिला तर तो जड नाही, फुगीर आहे. लॅटरलची बंडले, क्रेटमधला टोमॅटो, कापूस या सगळ्यांना जागा लागते, टनेज लागत नाही. म्हणून तुमच्यासाठी तुलनेचा पहिला रकाना वजनाचा नसून हौद्याच्या लांबी-रुंदीचा आहे, आणि तिन्ही कोटेशने नेमकी त्याच्या उलट बाजूने तयार झालेली आहेत.

तुमच्याकडचे क्रेट नेहमीच्या मापाचे, म्हणजे सुमारे ५४ सेंटीमीटर लांब आणि ३६ सेंटीमीटर रुंद आहेत असे धरू. अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद हौद्यात एका थरात असे १८ क्रेट बसतात. हौदा २.९६ मीटर लांब आणि १.७५ मीटर रुंद असेल तर तेच २४ बसतात. तुमची भरगच्च फेरी ९०० किलोंची असते. क्रेटमागे २२ किलो धरले तर ४१ क्रेट होतात. लांब हौद्यात ते दोन थरांत मावतात, आखूड हौद्यात तिसरा थर रचावा लागतो. तिसऱ्या थराचे ओझे सर्वांत खालच्या टोमॅटोवर येते आणि तो क्रेट कुणाला तरी छातीच्या वर उचलून ठेवावा लागतो. तोडणीला आणि भरणीला आपल्याकडे बहुतेक स्त्रियाच असतात, हे लक्षात घेऊन शोरूममध्ये जाताना मोजपट्टी बरोबर न्या आणि फाळका उघडल्यावर हौद्याचा तळ जमिनीपासून किती उंच येतो ते प्रत्येक गाडीचे मोजा. जास्त वजनाच्या प्रकारांत पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांची, पाने आणि टायर मोठे असल्याने हौदा सहसा वर जातो. हा आकडा कोणताही विक्रेता स्वतःहून सांगत नाही, आणि माझ्या दृष्टीने तो इंजिनाच्या अश्वशक्तीइतकाच महत्त्वाचा आहे.

पाईपचा विषय इथेच संपवतो. सहा मीटरचा, म्हणजे वीस फुटी पाईप या वर्गातल्या कोणत्याही गाडीच्या एकूण लांबीपेक्षा लांबच ठरतो. केबिनवर कमान बसवून तो तिरपा नेण्याची पद्धत सर्वत्र दिसते; परंतु गाडीच्या अंगाबाहेर माल काढून नेण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे, आणि रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीवर तो पाईप येतो तेव्हा कोणताही दंड भरून काही उपयोग नसतो. लांब पाईप वितरकाच्या ट्रकनेच दुकानात येऊ द्यावेत आणि तुमच्या गाडीतून तीन मीटरचे तुकडे व बंडले जावीत.

आता कमी न पडण्याच्या युक्तिवादाविषयी. दोन टनांची पिकअप दोन टनांसाठीच बांधलेली असते. तिचे मागचे पाटे भरलेल्या हौद्याखाली नीट काम करतात. रिकामी असताना, किंवा तुमच्यासारखे सहाशे किलो असताना, ती खड्ड्यात आपटते, मागचा भाग हलका राहतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागची चाके घसरू पाहतात. तुमच्या १३२ फेऱ्यांची परतीची वाट बहुतेक वेळा रिकामी असते, म्हणजे वर्षातला निम्मा प्रवास तुम्ही अशा अवस्थेत करणार. दुसरी गोष्ट परवान्याची, म्हणजे परमिटची. माल आणि गाडी मिळून एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे मालवाहू गाडीला परवाना लागत नाही. सव्वा ते दीड टन माल नेणाऱ्या अनेक प्रकारांचे एकूण वजन कंपन्या मुद्दामच या रेषेच्या आत ठेवतात. दोन टनांचे प्रकार ही रेषा ओलांडतात. तिसरी गोष्ट अशी की जास्त क्षमतेची गाडी दारात असली की जास्त माल भरण्याचा मोहही दारात येतो. क्षमतेपेक्षा अधिक भरल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

आता गाड्या. बोलेरो मॅक्सची मालिका एप्रिल २०२३ मध्ये सिटी आणि एचडी अशा दोन गटांत आली. तिची क्षमता प्रकारानुसार १.३ ते २ टन आहे आणि इंजिन अडीच लिटरचे डिझेल. एचडीच्या लांब प्रकारात ३,०५० मिलिमीटरचा, म्हणजे दहा फुटी हौदा मिळतो, पण त्यासोबत १.७ ते २ टनांची बांधणीही येते. सिटीतल्या कमी वजनाच्या प्रकारांत हौदा आखूड होतो. बोलेरोची खरी ताकद मला माहितीपत्रकात दिसत नाही, ती रस्त्यावर दिसते. अंबड, घनसावंगी, परतूर या पट्ट्यात तिचे काम येणारा मिस्त्री प्रत्येक मोठ्या गावात भेटतो, सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि जुनी गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. योद्धा २.० सप्टेंबर २०२२ मध्ये आली, इंजिन २.२ लिटरचे, क्षमता दोन टन, बांधणी दणकट. जिथे रोज दगड, वाळू, सिमेंट न्यायचे आहे तिथे मी तिची शिफारस विनासंकोच करीन, पण तुमचे काम ते नाही. बडा दोस्त सप्टेंबर २०२० मध्ये बाजारात आली. तिचे इंजिन दीड लिटरचे, ८० अश्वशक्तीचे आहे. बाजारात आली तेव्हा आय४ ची क्षमता १,८६० किलो आणि आय३ ची १,४०५ किलो होती. तिचे नाक आखूड असल्यामुळे एकूण लांबी फारशी न वाढवता हौदा मोठा मिळतो आणि दुकानाच्या बोळात गाडी वळवणे सोपे जाते. गिअरचा दांडा डॅशबोर्डवर असल्याने चालकाला एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येते. वर्दळीच्या मोंढ्यात (बाजारपेठेत) ही सोय रोज उपयोगी पडते.

तुमच्या यादीत नसलेली एक गाडी मी त्यात घालतो. योद्धा २.० ज्या दिवशी आली त्याच दिवशी टाटाने इंट्रा व्ही५० आणली. क्षमता १,५०० किलो, इंजिन दीड लिटरचे डिझेल, आणि हौदा २,९६० बाय १,७५० मिलिमीटर. वर क्रेटच्या हिशेबात जे दुसरे माप घेतले होते ते हेच. तुमची सर्वांत जड फेरी १,३०० किलोंची आहे, हे पुन्हा एकदा आठवा. त्या दिवशी हौद्यावरची लोखंडी जाळी, ताडपत्री आणि केबिनमधली माणसे यांचे वजनही क्षमतेतून वजा होते, त्यामुळे १,३०० किलोंसाठी दीड टन क्षमता ही चैन नसून बेताची बाब आहे. बडा दोस्तच्या आय३ गटातलाही लांब हौद्याचा प्रकार या कामाला पुरेल, मात्र खताच्या त्या फेरीत दोनचार गोण्या मागे ठेवण्याची तयारी हवी.

पत्रात रस्त्याचा एकच उल्लेख आहे. आखाड्यापासून डांबरीपर्यंत दीड किलोमीटर शिवरस्ता असून तो काळ्या मातीचा आहे, असे तुम्ही लिहिता. या दीड किलोमीटरसाठी मोठे इंजिन किंवा चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यावी का, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. जून ते सप्टेंबर या काळात ती टायरच्या नक्षीत भरून बसली की चाक गुळगुळीत होते आणि मग इंजिन लहान की मोठे याने फरक पडत नाही. त्या चार महिन्यांत क्रेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून डांबरीपर्यंत आणून तिथे पिकअप भरावी. उरलेल्या आठ महिन्यांत कोणतीही पिकअप त्या रस्त्याने जाईल. तुमचा बाकीचा प्रवास अंबड ते जालना या तीसेक किलोमीटरच्या डांबरी रस्त्याचा, अधूनमधून वडीगोद्रीहून सोलापूर-धुळे महामार्गाने संभाजीनगरचा. तिथे ८० अश्वशक्ती पुरेशी आहे.

यानंतर मी जे लिहितो आहे ते स्वतः सोसलेले आहे. काही वर्षांपूर्वी दूध संकलनासाठी मी एक मालवाहू गाडी निव्वळ ॲव्हरेज पाहून घेतली. त्या कंपनीची अधिकृत कार्यशाळा सत्तर किलोमीटरवर होती. ऐन उन्हाळ्यात इंधनाचा एक सेन्सर गेला. भाग किरकोळ होता, पण तो कार्यशाळेशिवाय कुठेही मिळत नव्हता आणि तो बसल्यावर संगणक जोडल्याशिवाय गाडी सुरू होत नव्हती. गाडी सहा दिवस उभी राहिली आणि रोज दोन वेळचे दूध मी दुसऱ्याच्या गाडीने पाठवले. तुमच्या बाबतीत हिशेब असा आहे: वर्षाला साडेदहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीने लिटरला ११ ऐवजी १३ किलोमीटर दिले तर साधारण १४७ लिटर डिझेल वाचते आणि लिटरला ९१ रुपये धरले तर ते सुमारे १३,४०० रुपये होतात. पंधरा रुपये किलोच्या भावाने ९०० किलो टोमॅटो १३,५०० रुपयांचा होतो. म्हणजे तोडणीच्या दिवशी गाडी एकदा उभी राहिली की वर्षभराच्या ॲव्हरेजचा फायदा संपतो. म्हणून प्रत्येक कंपनीची अधिकृत कार्यशाळा तुमच्या दारापासून किती किलोमीटरवर आहे, तिथे संगणक जोडून तपासणारा माणूस रोज असतो की आठवड्यातून दोनदा येतो, आणि क्लच प्लेट, इंजेक्टर, मागच्या पाट्याचे पान, पुढचा दिवा व काच यांची किंमत काय, हे लेखी घ्या. ज्या शोरूमला हे लेखी द्यायला जड जाते, तिथे गाडी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याच ओघात एक सूचना. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो आणि तो लांब, सलग धावेतच तापतो. रोज सकाळी दुधाचे दोन कॅन घेऊन चार किलोमीटर जाऊन परत येणे, एवढेच काम गाडीला दिले तर ती गाळणी तुंबते. दूध मोटारसायकलनेच जाऊ द्या, किंवा आठवड्यातून दोनदा तरी जालन्याची फेरी होईल असे पाहा. ज्या प्रकारात डीईएफ नावाचे वेगळे द्रावण लागते, त्यात ते विकतचेच घालावे. ते युरियापासून बनते हे खरे असले तरी शेतीचा युरिया पाण्यात कालवून घातला तर धूर शुद्ध करणारी सगळी यंत्रणा निकामी होते.

आता पैशांचा हिशेब, आणि इथे मला थोडे कठोर व्हावे लागेल. मागच्या वर्षी तुम्ही भाड्यापोटी सुमारे दीड लाख रुपये दिले. त्यात डिझेल आणि चालक दोन्ही आले. अकरा लाखांची दोन टनांची गाडी घेऊन सात लाखांचे कर्ज काढले तर दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे १४,९०० रुपये पडतो. हप्त्याचे वर्षाला १ लाख ७८ हजार, डिझेलचे सुमारे ७४ हजार, विम्याचे ३५ हजार आणि टायर-देखभालीचे २५ हजार धरले तर बेरीज ३ लाख १२ हजार होते. म्हणजे केवळ स्वतःच्या मालासाठी ही गाडी पाच वर्षे तोट्यात चालेल. भाड्याच्या एका फेरीला डिझेल वजा जाता ६४० रुपये उरतात असे मानले तर तोटा भरून काढायला महिन्याला २१ बाहेरच्या फेऱ्या कराव्या लागतील. साडेनऊ लाखांच्या आतली दीड टनी गाडी घेऊन साडेपाच लाखांचेच कर्ज काढले तर हप्ता ११,७०० च्या आसपास येतो आणि त्या फेऱ्या महिन्याला १६ होतात. सोळा फेऱ्या भाऊ दुकानाच्या पोहोचवणीतून आणि शेजाऱ्यांच्या मालातून काढू शकेल असे वही पाहून वाटते. एकवीस फेऱ्या काढायच्या तर गाडीला पूर्णवेळ चालक ठेवावा लागेल, आणि मग सगळा हिशेबच बदलतो. टोमॅटो नासणे थांबेल याचे मोल मी यात धरलेले नाही, कारण ते तुम्हीच ठरवू शकता.

विम्याचा आकडा अनेकांना चकित करतो, म्हणून सांगतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता तृतीय पक्ष विमा वर्षाला १६,०४९ रुपये आहे. एक ते दीड लिटर इंजिनाच्या खासगी कारचा ३,४१६ रुपये. शिवाय मालवाहू गाडीची योग्यता तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावी लागते.

दुसऱ्या बाजूला काही सवलती तुमच्या पदरात पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे; तुमची तिन्ही कोटेशने त्या तारखेनंतरची आहेत का आणि त्यांत हाच दर लावला आहे का, ते आधी तपासा. गाडी भावाच्या दुकानाच्या नावावर घेतली तर या कराची वजावट मिळू शकते. कारवर ती सहसा मिळत नाही, मालवाहू गाडीवर मिळते. साडेआठ लाखांच्या शोरूम किमतीत जवळजवळ १ लाख ३० हजार रुपये कराचे असतात. गाडी शेतीच्याही कामाला येणार असल्याने संपूर्ण वजावट घेता येणार नाही, दुकानाच्या वापराच्या प्रमाणातच घ्यावी लागेल; ते प्रमाण ठरवायला तुमची फेऱ्यांची वही हाच पुरावा ठरेल, म्हणून ती चालू ठेवा आणि भावाच्या लेखापालाशी गाडी बुक करण्यापूर्वी बोला. कर्ज घेताना व्याज फ्लॅट दराने, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर, आहे की घटत्या शिलकेवर, हा प्रश्न न चुकता विचारा. सात लाखांवर सात टक्के फ्लॅट म्हटले की दहा टक्क्यांपेक्षा स्वस्त वाटते. प्रत्यक्षात हप्ता १५,७५० रुपये होतो आणि तो साडेबारा टक्के घटत्या व्याजाइतका आहे.

आता वडिलांचे म्हणणे. ते गैर नाही, फक्त ते एका वेगळ्या गाडीविषयी आहे. डबल केबिनमध्ये पाच माणसे बसतात, तुम्ही सहा आहात. हौदा आखूड होतो, म्हणजे जी एक गोष्ट तुम्हाला सर्वांत जास्त हवी आहे तीच कमी होते. आणि मागे पाटे तेच असल्याने आजारी आईला त्यात सत्तर किलोमीटर नेणे म्हणजे तिला त्रास देणे आहे. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एनकॅप ही अपघात चाचणी प्रवासी गाड्यांसाठी आहे, मालवाहू गाड्यांना तारे मिळतच नाहीत. पिकअपला कुटुंबाची गाडी मानू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

त्याहून अधिक आग्रहाने एक गोष्ट सांगायची आहे. गाडी दारात आली की लग्नाला, यात्रेला आणि तोडणीच्या मजुरांना हौद्यातून नेण्याची मागणी होईल आणि नाही म्हणणे अवघड जाईल. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेल्या प्रवाशाच्या मृत्यूची वा इजेची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी केबिनमध्ये बसला तर गोष्ट वेगळी. हौद्यात वीस बायका बसलेल्या पिकअपचा अपघात झाला, तर त्या वीस घरांचे नुकसान भरून देण्याची जबाबदारी तुमच्या अकरा एकरांवर येते, आणि त्या घरांच्या हाती तरीही काहीच पुरेसे पडत नाही. हा नियम पहिल्याच दिवशी घरात सर्वांसमोर सांगून ठेवा.

आईच्या दवाखान्यासाठी महिन्याला एक-दोन फेऱ्या होतात. तूर्त त्या भाड्याच्या कारने कराव्यात आणि त्यांचीही वही ठेवावी. वर्षभरानंतर कार घ्यायची वेळ आली तर वडिलांना दोन गोष्टी सांगा. बोलेरो निओला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात चाचणीत एकच तारा मिळाला आणि तिच्या मागच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्याला धडकेत फारसे संरक्षण नाही. टाटा पंचला त्याच संस्थेने २०२१ मध्ये पाच तारे दिले होते, मात्र ती पाच जणांची आहे. सात माणसे समोर तोंड करून बसतील अशी अर्टिगा चार मीटरपेक्षा लांब असल्याने तिच्यावर ४० टक्के जीएसटी आहे, तर चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल कारवर १८ टक्के. आई आणि सोबत दोघे, एवढ्यांसाठीच गाडी हवी असेल तर मी सहाव्या-सातव्या जागेपेक्षा ताऱ्यांना जास्त महत्त्व देईन.

तर माझा सल्ला असा. दोन टनांच्या आसपासची तिन्ही कोटेशने बाजूला ठेवा. इंट्रा व्ही५०, बडा दोस्तचा आय३ गटातला लांब हौद्याचा प्रकार आणि बोलेरो मॅक्सचा दीड टनाच्या आसपासचा प्रकार, या तिघांची नवी कोटेशने घ्या. क्रेट आणि बंडलांच्या हिशेबाने पहिली गाडी पुढे आहे. परंतु जालन्यातील तिच्या कार्यशाळेचे उत्तर समाधानकारक आले नाही, तर थोडा आखूड हौदा आणि टोमॅटोचा तिसरा थर पत्करून बोलेरो घ्यावी, कारण तुमच्या गावात तिचा मिस्त्री आहे. तिघांपैकी जी घ्याल ती वातानुकूलित केबिनचीच घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून साडेतीन टनांवरील नव्या ट्रकना ती सक्तीची झाली आहे, या तीन पिकअपना नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस अंशांत दुपारी मोंढ्यातून परतणारा तुमचा भाऊ ट्रकचालकाइतकाच माणूस आहे. त्याच्याकडे कार चालवण्याचे लायसन्स असेल तर तेच चालेल. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला ते पुरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

चाचणीसाठी रिकामी गाडी शोरूमच्या आवारात फिरवू नका. त्यांना सांगा की गाडी अंबडला पाठवा, तुम्ही हौद्यात पेंडीची वीस पोती भरणार आहात, आणि तुमचा नेहमीचा मिस्त्री शेजारी बसणार आहे. शिवरस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ती कशी चढते, दुकानाच्या बोळात एका वळणात वळते की दोन, भरल्यावर ब्रेक दाबला की सरळ थांबते की एका अंगाला ओढते, हे तुम्ही, भाऊ आणि मिस्त्री अशा तिघांनी पाहावे. परत आल्यावर तोडणीला येणाऱ्या एखाद्या मावशींना बोलावून भरलेला क्रेट हौद्यात ठेवायला सांगा आणि त्यांना कोणती गाडी सोपी वाटते ते विचारा.